शिवेवरचा भोपळा

मिस हेस्टर पॉलिंजर नकाशावरच्या रेषेवर बोट ठेवून चालत होत्या. रेषा वॉल्टर स्नेलग्रोव्हच्या काचघरात शिरली, म्हणून बाईही शिरल्या. मागोमाग पाद्रीबुवा, आणि हातात विलोच्या छड्या घेतलेले सव्वीस गावकरी.

दर सात वर्षांनी लोअर पिंडलचे लोक गावाची शीव पायी फिरतात आणि वाटेतल्या प्रत्येक सीमादगडावर छड्या मारतात. हे काम मे महिन्यातलं. यंदा पाद्रीबुवांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि फेरी ऑगस्टअखेर ढकलली गेली. मे महिन्यात काचघरात चार पानांचं रोप दिसलं असतं; ऑगस्टात पंच्याऐंशी किलोंचा भोपळा दिसला. दगड शोधूनही सापडेना, तेव्हा कुणीतरी सवयीने भोपळ्यावरच छडी मारली.

"हात तोडीन एकेकाचे!" वॉल्टर किंचाळला. हा साठीचा निवृत्त पोस्टमन गावच्या भाजीपाला प्रदर्शनात सलग नऊ वर्षं दुसरा आला होता. यंदा भोपळ्याकडे बघून पहिल्या नंबरवाल्यानेही त्याचं आगाऊ अभिनंदन केलं होतं.

"वॉल्टर, नीट उभा राहा," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला पहिलीत शिकवलं होतं. "आजवर आपण तुझ्या कुंपणाबाहेरून अंदाजाने जात होतो. आता चर्चच्या कपाटात १८४३चा नकाशा मिळालाय. वेलीचं मूळ आपल्या गावात आहे. भोपळा दोन फूट पलीकडे, अप्पर पिंडलात."

"बरं, मग?"

"मग प्रदर्शनाचा नियम पाच. फळ गावच्या हद्दीत वाढलेलं हवं."

नियम बाईंनीच केलेला. प्रदर्शनाच्या चिटणीसही त्याच.

"अहो बाई, वेलीला काय कळतंय शीव!"

"तुला कळायला हवी होती."

"आत्ता सरकवतो अलीकडे."

"सरकव की. वाढला तो तिकडेच."

पाद्रीबुवा मध्ये पडले. "मूळ आपलं, पोट त्यांचं. अर्धं बक्षीस दिलं तर?"

"अर्धा पहिला नंबर म्हणजे दुसराच की हो," वॉल्टर म्हणाला, आणि उलट्या बादलीवर बसला.

बातमी दुपारी पबमध्ये पोचली आणि तिथून संध्याकाळच्या चहाआधीच अप्पर पिंडलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या प्रदर्शनाचे अध्यक्ष मेजर ड्रू हातगाडी आणि तीन धट्टीकट्टी माणसं घेऊन काचघराच्या दारात हजर. बाई तिथे होत्याच, शिवेवर खुंट्या ठोकत.

"मिस पॉलिंजर, तुमच्या सचोटीला सलाम," मेजर म्हणाले. "भोपळा आमच्या हद्दीत वाढलाय, तेव्हा आमच्या प्रदर्शनात मांडायला हवा. स्नेलग्रोव्हच्याच नावाने मांडू. आमच्याकडे यंदा फुटबॉलएवढाही भोपळा नाही."

वॉल्टरने मान वर केली. "कप कसला तुमचा?"

"चांदीचा. झाकणासकट."

लोअर पिंडलच्या कपाला झाकण नव्हतं. वॉल्टर उठला, हातगाडीचं चाक हलवून पाहिलं आणि खिशातला चाकू काढून देठाकडे वाकला.

बाईंच्या हातातली हातोडी थांबली. शाळेचा क्रिकेट सामना, चर्चची घंटा, सगळ्यांत जुना ओकवृक्ष. अप्पर पिंडलने आजवर काय काय पळवलं याची यादी बाईंनी लिहिलेल्या गावच्या इतिहासाच्या पुस्तकात अकरा पानं होती.

"वॉल्टर! चाकू खाली!" बाई कडाडल्या. वॉल्टरने चाकू खाली टाकला. "मेजर, हा नकाशा चुकीचा आहे."

"काल तर बरोबर होता?"

"तो काढणारा मोजणीदार पक्का दारुडा होता. तुमच्याच पबमध्ये प्यायचा. त्याची रेघ सरळ येईल कशी?"

"याला पुरावा?"

"माझ्या पुस्तकात आहे."

"पुस्तक मी वाचलंय, मॅडम. त्यात नाही."

"दुसऱ्या आवृत्तीत आहे," बाई म्हणाल्या आणि ठोकलेल्या खुंट्या एकेक करून उपटू लागल्या.

हातगाडी रिकामीच परतली. ती वळणाआड गेली. मग वॉल्टर हळूच म्हणाला, "बाई, तो मोजणीदार खरंच प्यायचा?"

"छे! अतिशय सज्जन माणूस. थेंबाला शिवायचा नाही," बाई स्कर्टवरची माती झटकत म्हणाल्या. "पण त्याच्या घरचं आता कुणी उरलेलं नाही. मी चौकशी केलीय."