थोपटण्याचं मूल्यांकन

दोन खोल्या, आठ-नऊ मुलं आणि एक मावशी मिळून जे होतं त्याला पाळणाघर म्हणतात, याबद्दल आजवर कोणाचा मतभेद नव्हता. मुलं सकाळी रडत यायची, संध्याकाळी जाताना रडायची, आणि मधल्या वेळात मावशी त्यांना भरवायच्या, धुवायच्या आणि दुपारी ओळीने पालथं घालून थोपटायच्या. धंदा असा सरळ चालला असताना घरमालकांनी कळवलं, की खोल्या विकायच्या आहेत. मावशींनी घ्याव्यात, नाहीतर सोडाव्यात.

मावशींचं धाबं दणाणलं. बँकेत तारण काय ठेवणार, तर पाळणे. त्यातही एकाचा कठडा मोडलेला. शेवटी त्यांनी सख्ख्या भाच्याला बोलावलं. गल्लीतली सगळी मुलं त्यांना मावशी म्हणत. हा एकटाच हक्काने म्हणे. तो गळ्यातलं ओळखपत्र जेवतानाही काढत नसे, म्हणून घरात त्याच्या शब्दाला वजन होतं.

"मावशी, तू चुकीच्या धंद्यात आहेस," खोली न्याहाळत तो म्हणाला.

"मग या वयात कुठल्या धंद्यात जाऊ रे?"

"कुठेही जायचं नाही. हाच धंदा करायचा, फक्त त्याला तंत्रज्ञान कंपनी म्हणायचं. उरलेलं मूल्यांकनवाले बघतात."

त्याप्रमाणे मूल्यांकनवाले साहेब आले. दाराशी बूट काढायला लावल्यावर त्यांच्या फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर आला, आणि गल्लीतल्या एका परिचारिकेची दोन वर्षांची लेक चिंगी तो धरूनच बसली. साहेबांनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

"तोटा किती?" त्यांनी विचारलं.

"तोटा नाही हो. भागतं आमचं."

रोग बळावल्यावर डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात, तसं साहेबांनी भाच्याकडे बघितलं. "आधी का नाही बोलावलंत?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. पाळणाघर म्हणून या जागेची किंमत म्हणजे पाळणे, चटया आणि एक तीनचाकी, वजा एक चाक. तंत्रज्ञान कंपनीचं तसं नसतं. जे आहे त्याला तिथे कोणी विचारत नाही. जे अजून नाही, त्याचे पैसे मिळतात. जगात जी जी मुलं जन्माला यायची आहेत, ती सगळी आपली धरायची.

"सगळी?" मावशींनी चटयांकडे पाहिलं. "ती झोपायची कुठे?"

"इथेच तुमचं चुकतं. तुम्ही मुलं सांभाळता."

"अहो, मग पाळणाघरात करायचं तरी काय?"

"सांभाळलं की खर्च येतो. तंत्रज्ञान कंपनी काही सांभाळत नाही, ताई. ती जोडते."

"कोणाला?"

"आईला मुलाशी."

"ती जोडलेलीच येतात की!"

"येतात ना. पण त्याचे पैसे कोण घेतं?"

 मावशींना फक्त खोल्या हव्या होत्या. त्यांनी सही केली.

अशा रीतीने 'थोपट' नावाचं ॲप निघालं. आईने घरी पाळण्याशेजारी फोन ठेवायचा. फोन सांगे, "आता थोपटा. जरा डावीकडे." आई थोपटे. मूल झोपलं तर फोन तिचं अभिनंदन करी आणि महिन्याच्या शेवटी पैसे कापून घेई. स्वतःचंच मूल स्वतःच्याच घरी सांभाळण्यासाठी आयांना रजा टाकावी लागली. पण अभिनंदन यापूर्वी घरात कोणी केलंच नव्हतं, म्हणून त्यांनी पाच-पाच तारे दिले.

तारे पाहून गुंतवणूकदार धावले. खोल्या विकत घेतल्या गेल्या. मावशींनी देवापुढे हात जोडले. मग कळलं की खोल्या कंपनीच्या नावावर आहेत, आणि मुलांसाठी झटणाऱ्या कंपनीला बसायला जागा नसल्यामुळे मुलं हलवावी लागतील. पाळणे गेले. त्यांच्या जागी रंगीत फुगीर गाद्या आल्या, आणि त्यांवर कंपनीची तरणीताठी माणसं दिवसभर लोळू लागली. ती बाटलीला तोंड लावून पाणी पीत, कोणी आपली गादी घेतली की रुसत, आणि दुपार कलली की किरकिरत. मावशींचा हात सवयीने एकाच्या पाठीवर गेला, तेव्हा भाच्याने त्यांना बाहेर नेलं.

"मावशी, तू आता संस्थापक आहेस. संस्थापकाने कामात लुडबूड करायची नसते."

कंपनीचा तो शेवटचा खर्चही वाचला. मावशींना पगाराऐवजी कंपनीचे समभाग मिळाले. कागदावर त्या अर्ध्या गल्लीच्या मालकीण होत्या. दूधवाला मात्र समभाग घेत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं. चिंगीला कडेवर घेऊन परिचारिका उभी होती.

"मावशी, कामावर जायचंय हो. फोन म्हणतो थोपटा, की ही मला सोडते आणि फोनलाच थोपटत बसते!"

"आण इकडे," मावशी म्हणाल्या.

मग एकेक जण मागच्या दाराने यायला लागला. मुलाबरोबर फोनही यायचा, कारण आता ॲपही आयांना तारे देई आणि एका दिवसाचा खंड पडला तर ते कापून घेई. पिशवीतून फोन "थोपटा" म्हणायचे. मावशी आधीच थोपटत असायच्या. मुलं झोपली की फोन नोंद करायचे: झोप यशस्वी. कंपनीचं यश शंभर टक्क्यांवर गेलं आणि किंमत दुप्पट झाली. मावशींच्या पैशांचा विषय निघाला तेव्हा एक वडील अवघडून म्हणाले, "ॲपमधून कापले जातात ना, मावशी. पुन्हा तुम्हालाही द्यायचे?"

"दूध तरी आणत जा हो आपापलं," मावशी म्हणाल्या.

एका दुपारी साक्षात मूल्यांकनवाले साहेब आले. मोजा तोच. खांद्यावर तान्ही लेक.

"ताई, कुठे बोलू नका."

"ॲप आहे ना तुमच्याकडे?"

"मला फुकट मिळालंय," साहेब पडेल आवाजात म्हणाले. "पण झोपत नाही हो ती."

मावशींनी तिला ओळीत पालथं घातलं. साहेब उंबरठ्यावर टेकले आणि थोपटण्याच्या संथ आवाजाने बसल्या जागी पेंगू लागले. मावशींचा एक हात मोकळाच होता. त्यांनी साहेबांनाही थोपटलं. फोनने दोन झोपा नोंदवल्या.

कंपनीच्या ताज्या मूल्यांकनात ही गोष्ट इथवर वाचणारेही 'थोपटण्याविषयी आस्था असलेले ग्राहक' म्हणून धरले आहेत. तेव्हा अभिनंदन, तुमचीही किंमत लागली. पैसे कंपनीला पोचले. हसायचं असेल तर जरा हळू हसा, बाळ उठेल. आणि उठलंच तरी तुम्ही उठू नका, फोन कळवेल.