सासऱ्यांच्या जागी कॅचर हवा

मी सहसा तोंड उघडत नाही. ही काही साधना वगैरे नाही. काय बोलायचं ते मला वेळेवर सुचत नाही, आणि सुचतं तेव्हा समोरचा माणूस घरी पोचून झोपलेला असतो. पण त्या रविवारी संध्याकाळी, आमच्या ओमुक गल्लीचा बेसबॉल संघ उपांत्य सामन्यात हरून शेगडीभोवती बसला होता, समोर डुकराचं मांस करपत होतं, आणि कुणीतरी सुस्कारा सोडून विचारलं, की पुढच्या मोसमासाठी आपल्याला नक्की कोण हवंय. सगळे चिमट्याने मांस उलटू लागले. विचारलेल्याला उत्तर मिळू नये हे मला बरं वाटेना, म्हणून मी ठरवलं की आज आपणच द्यावं.

"कॅचर," मी म्हणालो.

आमचे कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून पिचरने टाकलेला चेंडू झेलणारे, माझे सासरे; आडनाव नाम, नाव दोक्सू. तेच संघाचे कप्तान. मी ज्या दुकानात दिवसभर मासळीच्या वाटणाच्या वड्या, म्हणजे ओमुक, तळतो त्या दुकानाचे मालकही तेच, आणि ज्या घराच्या माडीवर मी घरजावई म्हणून राहतो ते घरही त्यांचंच. (एका शब्दात एवढ्या जणांना दुखावणं सोपं नाही.)

बरं, मी खोटं बोललो नव्हतो. सामना होता सुकट बाजाराच्या संघाशी, शेवटचा डाव, गुण सारखे. पिचरचा चेंडू बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हातमोज्याखालून निसटून मागे गेला. बाबा बासष्ट वर्षांचे आहेत. कॅचरला उकिडवं बसावं लागतं, आणि बसणं त्यांना अजून उत्तम जमतं. उठणं जमत नाही. अंपायर त्यांना काखेत हात घालून उभं करत होता तेवढ्यात सुकटवाल्यांचा पोरगा तिसऱ्या बेसवरून चालत आला, वडीलधारे म्हणून कमरेत वाकून बाबांना नमस्कार केला, आणि मग होमवर, म्हणजे बाबांच्याच पुढ्यातल्या शेवटच्या बेसवर, पाय ठेवून जिंकायचा गुण घेत आम्हाला स्पर्धेबाहेर काढलं.

बाबांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "मग आण शोधून, जावईबापू," एवढंच ते म्हणाले.

घरी आल्यावर माझी बायको मिरान हिने विचारलं, की वर्षाकाठी एकच शब्द बोलायचा होता तर तो हाच सापडला का. मिरान संघाचे गुण लिहिते, त्यामुळे तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

शहरातला सगळ्यात चांगला कॅचर होता गुनबे. तो घरोघर गॅसचे सिलिंडर पोचवतो. दोन खांद्यांवर दोन घेऊन उकिडवा बसतो आणि तसाच उठतो. सुकट बाजाराकडची त्याची ठरलेली वर्षं नुकतीच संपली होती, म्हणजे तो कुठेही जायला मोकळा होता. मी फक्त विचारायचं होतं. मी फोन केला. पलीकडून तो म्हणाला, बोला.

"एक सिलिंडर," मी म्हणालो.

तो आला, सिलिंडर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी धीर करून पुन्हा फोन केला. पुन्हा सिलिंडर आला. असं होता होता आमच्या पडवीत सिलिंडरांची रांग लागली. सासूबाईंनी त्यांच्यावर दोरी बांधून मुळ्याचा पाला वाळत घातला. मिरानने विचारलं, की घर चंद्रावर न्यायचा बेत असेल तर तिला आधी कळवावं, म्हणजे ती माहेरी जाईल. (माहेर तेच असल्याचं मी तिच्या लक्षात आणून दिलं नाही.)

शेवटी गुनबेच पायरीवर बसला. "दादा, तुम्हाला नक्की काय पाहिजे? एवढ्या गॅसवर आख्खी गल्ली उडेल."

मी माझ्या चपलेकडे बघत म्हणालो, "तुम्ही."

तो दोन पायऱ्या खाली सरकला. मग मी घाईघाईने बेसबॉलचं सांगितलं. सामन्यानंतर दरवेळी सुकटीचं सूप पिऊन तोही कंटाळला होता. त्याने होकार दिला आणि एक ठेवून बाकीचे सिलिंडर परत नेले.

त्या संध्याकाळी गल्लीत माझं कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकट बाजाराचे अध्यक्ष प्योशेठ यांचा फोन आला.

आमच्या रविवारच्या स्पर्धेचे नियम मोठ्या व्यावसायिक स्पर्धेवरून उचललेले आहेत. दुसऱ्याचा खेळाडू, मोकळा झालेला का असेना, घेतला तर त्याच्या बदल्यात आपला एक द्यायचा. आपण नऊ जणांची नावं राखून ठेवायची. उरलेल्यांतून समोरच्याने हवा तो उचलायचा. प्योशेठ म्हणाले, आठवडाभरात नावं कळवा, मग येतो माणूस न्यायला.

बाबांनी दुकानात, सगळ्यांसमोर, बोटं दुमडत नावं घेतली. पिचर न्हावी, तो राखला. टेम्पोवाला राखला, कारण टेम्पो त्याचा. खाटीक राखला, कारण जेवण त्याचं. माझा मेहुणा सैन्यात आहे, पुढचा आख्खा मोसम सुटणार नाही; तो पोटचा मुलगा म्हणून राखला. असे करत करत आठ झाले. मी कढईपाशी जरा पुढे सरकून उभा राहिलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नववं नाव बेंचखाली बसणाऱ्या कुत्र्याचं घेतलं.

मिरान म्हणाली, "बाबा, तो कुत्रा आहे."

"गेलेला चेंडू आणून देतो," बाबा म्हणाले. "आणि माझ्या गुडघ्यांबद्दल चारचौघांत बोलत नाही."

वर त्यांनी जाहीर केलं, की सुकटवाल्यांची टोपी ज्याच्या डोक्यावर चढेल, तो या घरात जेवायला बसणार नाही. मी माडीवर जाऊन माझ्या दोन शर्टांच्या घड्या घातल्या. मिरानने त्या मोडून शर्ट परत दोरीवर टाकले. तुला हाकललं तर मी कुणासमोर बसून जेवू, असं ती म्हणाली, आणि मग लगेच, की मोजे पण धुवायचे राहिलेत.

प्योशेठ आले ते नेमके हिवाळ्याची किमची घालायच्या दिवशी. अंगणात कोबीचा डोंगर, सगळी गल्ली रबरी हातमोजे घालून कोपरापर्यंत मिरचीच्या वाटणात. त्यांनी उरलेल्यांना ओळीत उभं केलं. माझ्यापाशी येऊन थांबले आणि विचारलं, हा कोण? (पाच वर्षं मी त्यांच्याविरुद्ध लेफ्ट फील्डला, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, उभा आहे.)

मिरान कोबी टाकून उठली. "काका, याला नेऊ नका. बॅट फिरवताना हा डोळे मिटतो."

प्योशेठांनी मान हलवली. बाबांनी मात्र मान वर केली. जावई देणं वेगळं, आणि घरच्या मुलीने परक्यासमोर त्याला नावं ठेवणं वेगळं.

"डावखुरा आहे," बाबा म्हणाले. "डावखुरा मिळतो कुठे हल्ली?"

"उजव्या हातावर तेल उडालंय, म्हणून डाव्याने खातोय," मिरान म्हणाली. "आणि चेंडू वर उडाला की आधी शेजारच्याला विचारतो, तुम्ही घेताय का मी घेऊ. तोवर चेंडू पडतो."

"सभ्य आहे. अंपायरशी कधी भांडला नाही."

"अंपायरने नाबाद दिलं तरी निघून येतो, बाबा. आणि एकदा चुकून चेंडू लागला, तर पळायचं सोडून पिचरची माफी मागायला गेला."

मला घालवायला निघालेला माणूस माझी स्तुती करत होता आणि मला ठेवू बघणारी माझी अब्रू काढत होती. कुणाकडे बघून मान डोलवावी ते मला कळेना. प्योशेठांनी दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, की नेतो, पण वर दोन पेट्या ओमुक द्याव्या लागतील.

बाबा लालबुंद झाले. "वर? माझ्या जावयावर? तुम्हीच मला दोन पेट्या सुकट द्या."

"नामशेठ, राहू द्या," प्योशेठ म्हणाले. "मला लेफ्ट फील्ड नकोच आहे. माझा कॅचर तुम्ही नेलात. मला कॅचर पाहिजे."

"आमच्याकडे जुना कॅचर एकच. तो मी."

"मग तुम्ही चला. नवांत तुमचं नाव नव्हतं."

बाबांनी मिरचीने माखलेली बोटं पुन्हा दुमडून पाहिली. न्हावी, टेम्पो, खाटीक, मुलगा करत करत ते कुत्र्यापाशी येऊन थांबले. स्वतःला राखावं लागतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता हे चिडणार म्हणून मी किमचीच्या पिंपामागे सरकलो. पण त्यांचा चेहरा भलताच मऊ झाला होता.

"मला? गुडघ्यांसकट?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्यांसकट," प्योशेठ म्हणाले आणि पिशवीतून टोपी काढली.

बाबांनी हात धुऊन ती घातली, पाण्याच्या घंगाळात दोनदा बघितली. जेवायची वेळ झाली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, ही टोपीवाली मंडळी आता कुठे जेवणार. बाबांनी टोपी काढून मांडीखाली ठेवली आणि ताट पुढे ओढलं.

लोक गेल्यावर मी आणि मिरान नळावर पिंपं धूत होतो. माझी जागा शाबूत होती, दोरीवरचे शर्टही तिथेच होते. मला फार भरून आलं. मी धीर करून विचारलं, "ते सगळं तू मला वाचवायलाच बोललीस ना?"

"वाचवायलाच," ती म्हणाली आणि पिंप उपडं घातलं. "प्योशेठ मुरलेला व्यापारी. त्याच्यापुढे खोटं टिकलं नसतं. म्हणून सगळं खरंच सांगितलं."