डावीकडे लाल घर

पाटणकरकाकांच्या घरी जायचं तर स्वेटर घालून जावं लागतं. तेही सिंगापुरात, जिथं लिफ्टमधून उतरून बसस्टॉपपर्यंत गेलं तरी शर्ट पाठीला चिकटतो. पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दार उघडलं ते कानटोपी घातलेल्या एका गृहस्थानं. अंगात लोकरी स्वेटर, गळ्यात मफलर आणि खाली घरातला पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. आतून एसीची अशी गार झुळूक आली की मला वाटलं, चुकून मासळीच्या गोदामात आलो.

"या, या, लवकर आत या," ते म्हणाले. "बर्गन आत्ताच सुटलं."

मी सेरंगूनला त्यांच्या अगदी खालच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतो. एकटाच. वन-नॉर्थच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेतो. ही खोड घरी येऊनही सुटत नाही, आणि स्वप्नाळू माणसं मला मुळातच झेपत नाहीत. त्यामुळे बर्गन सुटलं म्हणजे नेमकं काय झालं, हे मी चपला काढता काढताच विचारलं.

त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. नॉर्वेच्या बर्गन बंदरातून निघून किनाऱ्यानं उत्तरेला जाणाऱ्या एका जहाजाच्या टोकावर कुणीतरी कॅमेरा बांधला होता आणि सगळा प्रवास जसाच्या तसा, कुठंही न कापता, इंटरनेटवर टाकला होता. गाणं नाही, माहिती देणारा आवाज नाही. नुसतं पाणी, दोन्ही बाजूंना डोंगर, मधूनच एखादं गाव. काका रोज संध्याकाळी तो लावायचे. काल जिथं थांबला तिथून पुढे. एकदा कंटाळून मी व्हिडिओ पुढे ढकलायला रिमोट उचलला, तर त्यांनी माझा हात धरला. "अरे, डेकवरची माणसं पडतील पाण्यात," ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

त्यांच्या घराची बाल्कनी म्हणजे डेक. स्वयंपाकघर म्हणजे गॅली. इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराचं बॉम्ब शेल्टर असतं, ज्यात सगळे जण कांदे-बटाटे आणि जुन्या सुटकेस ठेवतात. ते काकांचं इंजिन रूम. हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांवर, गेलो तरी त्यांना नाल्याच्या कडेचंच टेबल लागायचं. तो 'सी व्ह्यू'. कॉफी येईपर्यंत काठावरच्या बगळ्याकडे असे बघत बसायचे की मलाही क्षणभर नाल्याचं पाणी वाहतंय असं वाटायचं. आणि कुठलाही प्रश्न विचारा, बँकेचं काम असो की डोळ्यांचं ऑपरेशन, उत्तर ठरलेलं: "किनाऱ्याला लागू, मग बघू."

गंमत अशी की काका जन्मात कधी क्रूझवर गेले नव्हते. पण जहाजं मात्र त्यांनी आतून पाहिली होती. ते तुआसच्या एका शिपयार्डमध्ये एसीचे इंजिनिअर होते. मोठमोठी क्रूझ जहाजं तिथं दुरुस्तीला यायची. "राजवाडे पाहिलेत मी," ते सांगायचे, "पण सगळे गालिचे गुंडाळलेले." अशाच एका जहाजाच्या जेवणघरात भिंतभर फियॉर्डचा, म्हणजे नॉर्वेतल्या डोंगरांत शिरलेल्या खाडीचा, फोटो होता. त्याच्या मागचा पाइप बघायचा म्हणून माणसांनी तो उतरवून बाजूला टेकवला. काकांनी पाइप बघितला आणि जेवणाची सुट्टी त्या फोटोसमोर बसून काढली. जमिनीवर बसून, डबा मांडीवर घेऊन. त्या दिवसापासून हे सगळं सुरू झालं.

त्या घरात मला आणखी एक गोष्ट खटकायची. सुलूकाकू, म्हणजे त्यांची बायको, टीव्हीकडे पाठ करून बसायच्या. अंगावर शाल, समोर परात, परातीत मटार नाहीतर मेथी. मला वाटलं, रोजच्या रोज तेच पाणी बघून वैतागल्या असतील. मीही वैतागलो असतो. मग एक दिवस लिफ्टमध्ये त्यांना डोळे मिटून, भिंतीला हात लावून उभं राहिलेलं पाहिलं. काकूंच्या कानाच्या आत काहीतरी बिघडलेलं आहे. हलतं काही दिसलं, पायाखाली हललं, की त्यांना गरगरतं. एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, पुढच्या स्टेशनला जाऊन आल्या तरी दिवसभर आडव्या. टीव्हीवरचं जहाजसुद्धा त्यांना लागायचं. म्हणून त्या बघत नसत. काका बघत आणि त्यांना सांगत.

"डावीकडे लाल घर," काका म्हणायचे.

"मोठं?"

"नाही गं. आपल्या गॅलीएवढं. दार पांढरं. पायऱ्या थेट पाण्यात उतरतायत."

"घरात बाई आहे का?"

"दिसत नाही. धुराड्यातून धूर मात्र निघतोय."

"मग आहे. भात टाकला असेल."

असं तासन्‌तास चालायचं. बाहेर संध्याकाळचा पाऊस येऊन जायचा, समोरच्या ब्लॉकमधले दिवे लागायचे, आणि आत ते दोघं हळूहळू उत्तरेला सरकत असायचे. मी माझ्या स्वभावाप्रमाणे टीव्हीकडे नीट लक्ष ठेवून होतो. जिन्यात मी काकांना म्हणालो, "काका, त्या घराला धूर नव्हता. धुराडंही नव्हतं."

"तुला दिसलं नसेल," ते म्हणाले आणि वर निघून गेले.

काका रिटायर झाले तेव्हा काकूंनी मला बोलावून घेतलं. काका डेकवर झाडांना पाणी घालत होते. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "मंदार, त्यांचं त्या खऱ्या जहाजाचं बुकिंग करून दे. एकट्याचं. माझ्या या कानापायी त्यांचं जहाज इतकी वर्षं धक्क्याला बांधलेलं आहे. ते कधी बोलून दाखवत नाहीत, पण माझ्या मनातून जात नाही. एकदा पुरतं जाऊन येऊ देत, म्हणजे मी सुटेन."

काका ऐकायला तयार नव्हते. किनाऱ्याला लागू, मग बघू, हे त्या महिन्यात मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणायला लागलो. शेवटी काकूंनी दोन गोष्टी केल्या. एक, दम दिला: "मधेच उतरून परत आलात तर दार उघडणार नाही. माझ्यामुळे अर्धं राहिलं, हे मला पुन्हा नको." आणि दुसरी, देवघरातली एक सुपारी त्यांच्या हातावर ठेवली. "पूजेला बायको हजर नसेल तर तिच्या जागी सुपारी मांडतात ना? मग जहाजावर का नको? ही मी."

कुणी दुसरा असता तर सुपारी बॅगेत टाकून विसरला असता. काकांनी ती स्वेटरच्या वरच्या खिशात ठेवली आणि चांगी विमानतळावर इमिग्रेशनपर्यंत खिशावर हात ठेवून चालत गेले.

जाताना मला बजावून गेले होते, रोज माझा फोन येईल तेव्हा सुलूपाशी बसायचं. म्हणून मी ऑफिसातून थेट वर जायचो. व्हिडिओ कॉल काकूंना चालत नसे, त्यामुळे नुसता आवाज, फोन स्पीकरवर, समोर परात. पहिले काही दिवस काका जोरात होते. केबिन दोघांची होती, जेवणाचं टेबलही दोघांचं. समोरच्या ताटलीत ते सुपारी ठेवायचे. एका वेटरनं ती कचरा समजून उचलून नेली, तेव्हा काकांनी सगळं जेवणघर थांबवलं. "माय वाइफ, माय वाइफ," म्हणत ते मुदपाकखान्यात शिरले. सापडली ती आक्रोडांच्या वाडग्यात. दुसऱ्या दिवसापासून तोच वेटर सुपारीखाली घडी घातलेला रुमाल ठेवू लागला, आणि केबिन आवरणाऱ्यानं टॉवेलचा हंस करून त्याच्या पाठीवर तिला बसवलं.

"आणि डेकवर?" काकूंनी विचारलं.

"डेकवर तुला पाण्याकडे पाठ करून ठेवतो. चक्कर यायला नको."

"काका, सुपारीला पाठ कुठून आली?" मी विचारलं.

"आम्हाला कळतं," काका म्हणाले.

काकू इतक्या हसल्या की त्यांना परात खाली ठेवावी लागली.

मग फोन लहान होत गेले. फियॉर्ड कसा आहे विचारलं तर, "मोठा आहे. डोंगर आहेत. पाणी आहे." लाल घर? "असेल." धूर? "बघतो उद्या." आवाज असा, जणू डेंटिस्टकडे नंबर लावून बसलेत. फोन ठेवल्यावर काकूंनी परात बाजूला सारली. "त्यांना बरं नसेल का रे?" त्या म्हणाल्या. मी म्हणालो, थंडी असेल. दुसरं काय म्हणणार?

त्या शनिवारी सकाळी माझी बेल वाजली. दारात पाटणकरकाका. स्वेटर, मफलर, हातात बॅग, आणि सिंगापूरच्या उकाड्यात चेहरा लालबुंद. मला बाजूला सारून ते आत आले आणि दार लावून घेतलं.

"मधेच उतरलो, ट्रॉम्सोला," ते कुजबुजले.

"उतरलात? अहो, पण जहाज?"

"गेलं पुढे." ते माझ्या खुर्चीत बसले. कानटोपी काढून हातात फिरवत राहिले. "सगळं होतं रे तिथं. टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा दसपट. फोटोतला तो डोंगरसुद्धा आला. सगळे कठड्याशी धावले. मी उभा होतो आणि मला नुसता दगड दिसत होता. समोर सांगायला सुलू नाही, तर मला दिसतच नाही, मंदार. इतक्या वर्षांत मी एकट्यानं कधी बघितलंच नव्हतं."

"मग वर जा ना. दहा पायऱ्या आहेत."

"नाही. ती म्हणेल, हेही माझ्यामुळे अर्धं राहिलं. तिला ते लागेल. जहाज परत पोचेपर्यंत मी इथंच राहतो."

अशा रीतीनं नॉर्वेचा उरलेला किनारा, पार नॉर्थ केपच्या टोकापर्यंत, माझ्या बेडरूममध्ये आला. माझ्या टीव्हीवर तोच व्हिडिओ, माझा एसी सोळावर, माझी रजई काकांच्या अंगावर. त्याच संध्याकाळी मी वर जाऊन काकूंसमोर बसलो, आणि ठरल्या वेळी फोन आला. काकांचा आवाज खणखणीत.

"सुलू, डावीकडे लाल घर."

काकूंचा चेहरा उजळला. "आलं का? धूर?"

"भरपूर. आणि अंगणात कपडे वाळत घातलेत. लहान मुलाचे असावेत. पाणी इतकं संथ आहे की तेच घर खाली उलटं दिसतंय, कपड्यांसकट."

काकू परातीतले मटार बोटांनी हलवत ऐकत होत्या. डोळे मिटलेले. काका बोलत राहिले आणि तो जुनाच संथपणा पुन्हा घरात पसरला. मीसुद्धा क्षणभर विसरलो की हा माणूस माझ्या पलंगावर बसलाय. एवढ्यात खाली भोंगा वाजला. आमच्या ब्लॉकखालून जुनी वर्तमानपत्रं आणि मोडके पंखे गोळा करत ढकलगाडीवाला फिरतो, त्याचा रबरी भोंगा. पॉं पॉं. खिडकीतून ऐकू आला, आणि त्याच क्षणी फोनमधूनही.

काकूंचा हात परातीत थांबला. त्यांनी डोळे उघडून आधी फोनकडे पाहिलं, मग फरशीकडे, मग माझ्याकडे. मी मटार सोलायला घेतले.

"कसला हो आवाज?" त्यांनी फोनमध्ये विचारलं.

"दुसरं जहाज जातंय बाजूनं," काका म्हणाले. "भोंगा देऊन रामराम करतायत एकमेकांना."

"असं होय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "मग उजवीकडे काय आहे ते सांगा."

फोन संपल्यावर त्या उठून आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचे आवाज आले. बाहेर आल्या तेव्हा हातात डबा होता, गरम, फडक्यात बांधलेला. "वरणभात आहे," त्या म्हणाल्या. "गेले कित्येक दिवस नुसता पाव खाल्ला असेल."

मी काही बोलणार, तोच त्यांनी मान हलवली. "मला कळलंय हे सांगू नकोस. त्यांना वाटू दे की मला त्यांचं पुरतं जहाज मिळतंय. आणि मिळतंयच की रे. कोणी केलं विचारलं तर सांग, तू केलंस."

मी खाली आलो. काका टीव्ही थांबवून, रजई पांघरून बसले होते. मी ताट वाढलं. त्यांनी वरणभात कालवला, पहिला घास घेतला आणि थांबले. वरणात काकूंच्या हातचा गूळ होता, आमसूल होतं. मला चहासुद्धा धड करता येत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"छान झालंय," ते म्हणाले. मग मान खाली घालून सगळं जेवले, ताट बोटानं निपटून काढलं, आणि हात न धुता तसेच वर छताकडे बघत बसले.

"उद्या तिला नॉर्थ केप दाखवतो," ते म्हणाले.