गुणाबाईंची पातळ भिंत

प्लेगने अनगोळ गाव तिसऱ्यांदा रिकामं केलं, तेव्हा सरकारच्या लक्षात आलं की मातीच्या भिंतीत उंदीर राहतात. उंदरांना हे आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांनी रीतसर कळवलं नव्हतं.

निपाणीच्या सुकुमार पाटलांनी तारेच्या जाळीवर सिमेंट ओतून दोन बोटं जाडीचे तक्ते तयार केले. तक्ते एकमेकांना जोडले की घर उभं, आणि उंदराला बीळ पाडायला जागा नाही. प्लेगात मुलगा गेलेल्या गुणाबाई नात कमळीला घेऊन माळावरच्या झोपडीत राहत होत्या. पहिलं घर त्यांच्यासाठी उभं राहिलं. मग ते राहण्याजोगं आहे की नाही हे ठरवायला गृहपरीक्षण समिती आली.

समितीने एका तक्त्यावर वाळूची पोती रचली. तक्ता मोडेना. मग अध्यक्ष मारुतीराव स्वतः चढले, त्यांच्यामागोमाग दोन कारकून चढले.

"किती वजनाला मोडतो ते कळल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही," मारुतीराव वरूनच म्हणाले.

"मोडत न्हाय, हेच दाखवायचं हुतं साहेब," सुकुमार म्हणाले.

"असेल. पण समिती न मोडणाऱ्या वस्तूंसाठी नेमलेली नाही."

मग घरात उंदीर कोंडले. त्यांना एकही बीळ पाडता आलं नाही. ते उपाशी मेले. दार उघडून समितीने ताबडतोब निर्णय दिला: घरात मेलेले उंदीर सापडले, सबब घर प्लेगग्रस्त, कोणीही राहू नये.

"साहेब, उंदीर तुमीच सोडलासा," गुणाबाई म्हणाल्या. "पोरीला घिऊन मी जाऊ कुठं?"

सुकुमार महिनाभर समितीच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिले. अखेर समिती नरमली. नियमाप्रमाणे दीड हात जाडीची मातीची भिंत बाहेरून चढवली, तर हरकत नव्हती. सुकुमार संतापले. गुणाबाईही नको म्हणत होत्या, पण त्यांचा भाऊ भावकू आडवा आला.

"आक्का, भिंत पापडागत दिसतीया. उद्या कमळीला कोण पत्करंल?"

गुणाबाई माती कालवायला बसल्या आणि भिंत चढली. सगळ्या गावाने कौतुक केलं.

पुढच्या थंडीत त्या मातीत उंदीर मेले, आणि आठवड्यात कमळी गेली. समितीने माती उकरून पाहिली. आतल्या तक्त्याला ओरखडाही नव्हता. दोष तक्त्याचा, असं ठरलं. दुसरं घर कोणी बांधलं नाही.

तुम्हाला मारुतीरावांचा राग आला असेल. येऊ दे, तो सोपा आहे. फक्त पुढच्या खेपेला मुलीसाठी स्थळ पाहायला जाल, तेव्हा मुलाशी बोलण्याआधी तुमचा हात त्याच्या घराच्या भिंतीची जाडी चाचपतो का ते बघा.