टाकीला न जोडलेला हीटर

दसऱ्याच्या दिवशी लोक आपट्याची पानं वाटतात. आमच्या बिल्डिंगमधले दिघे अण्णा लोकांना घाम काढायला बोलवायचे. ऑक्टोबरातला मीरा रोड म्हणजे आधीच खाडीवरची चिकट हवा, त्यात लाईट गेलेले. अशा वेळी अण्णा आपल्या मॅटाडोरला झेंडूची माळ घालून दार उघडून उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, "या, बसा पाच मिनिटं. हीटर लावतोय."

त्या गाडीत त्यांनी घर केलं होतं. दोन बाकडी, त्यांच्यावर काथ्याच्या गाद्या, घडीचं टेबल, खिडक्यांना नऊवारीचे पडदे. आणि एका बाकड्याखाली हीटर. अण्णा बंदरावर कस्टमच्या गोदामात कारकून होते. बेवारस मालाच्या लिलावात कुठल्याशा परदेशी ट्रकमधून निघालेला हा डिझेलवर चालणारा हीटर त्यांना दिसला आणि त्यांनी तो उचलला. रिटायर झाल्यावर बायकोला गाडीतून हिमालयात न्यायचं, बर्फ दाखवायचा आणि गाडीत तिला थंडी म्हणून वाजू द्यायची नाही, असा सगळा बेत होता.

मी लग्न करून गिरगावातून इथे राहायला आलो तेव्हा बिल्डिंगभर त्या हीटरची चर्चा होती. आपल्याकडे हीटर म्हणजे बादलीत सोडायचा तो. त्यामुळे अण्णांनी गाडीत हीटर बसवलाय हे कळल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या मेहताबेन सकाळी बादली घेऊन खाली उतरल्या होत्या. "अण्णा, थोडा गरम पानी मिलेगा?" अण्णांनी त्यांना गाडीत बसवून सगळं समजावलं. ये पानी का नहीं, हवा का हीटर है. मेहताबेन म्हणाल्या, गरम हवा तर वरती घरातच भरपूर आहे, आणि रिकामी बादली घेऊन परत गेल्या.

अण्णांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "धूर बाहेर, ऊब आत." हीटरचा जळका धूर गाडीखालच्या पाइपातून बाहेर जातो आणि आत नुसती गरम हवा येते, एवढाच त्याचा अर्थ. पण ते वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून भांडण पेटलं की अण्णा उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मंडळी, धूर बाहेर, ऊब आत." त्यानंतर भांडण टँकरवरून अण्णांवर यायचं.

गंमत अशी की इतकी वर्षं होऊन तो हीटर गाडीच्या टाकीला जोडलेलाच नव्हता. दसऱ्याला तो चालायचा बाटलीवर. सलाइनसारखी डिझेलची बाटली वर टांगून अण्णा तो सुरू करायचे. त्याचा छोटा पंप टिकटिक करायचा, आधी खालून पांढरा धूर यायचा, मग गरम हवा, मग आतली माणसं भिजून बाहेर. चालतो ना, मग टाकीला का नाही जोडत, असं विचारलं की उत्तर तयार असायचं. "एवढं एक राहिलंय."

तेही किती राहिलं होतं? टाकीत हीटरसाठी वेगळी नळी त्यांनी गॅरेजमधून कधीच बसवून आणली होती, तिच्या तोंडाला रबरी बूच होतं. ती नळी मुद्दाम टाकीच्या तळापर्यंत नेली नव्हती. म्हणजे हीटरने कितीही डिझेल प्यायलं तरी गाडीला घरी यायला तळाशी शिल्लक राहील. हीटरपर्यंत जाणारी तांब्याची नळी त्यांनी उत्तनच्या बोटींच्या मेकॅनिककडून आणली होती. "हितं थंडी हाय कुठं, काका?" असं त्याने विचारलं होतं म्हणे. ती नळी वर्तमानपत्रात गुंडाळून अण्णांच्या दाराशी खिळ्याला लटकत होती. फक्त दोन टोकं जोडायची.

आणि काकू, म्हणजे अण्णांची बायको, होत्या इंदूरला. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या तिकडेच राहिल्या, कारण नात चिमी जन्मतःच पायाने अधू होती आणि मुलगी-जावई दोघं नोकरीवर. चिमीला मालिश, तिचे व्यायाम, तिला उचलून दवाखान्यात नेणं, सगळं काकूंवर. बिल्डिंगमध्ये फोन फक्त आमच्याकडे. दर रविवारी सकाळी काकूंचा फोन यायचा. कोणीतरी खाली जाऊन अण्णांना हाक मारायचं, तोवर माझी आई काकूंशी गप्पा मारायची. मग अण्णा यायचे, शर्टाची बटणं नीट लावून. काकू विचारायच्या, झाली का गाडी? अण्णा म्हणायचे, "एवढं एक राहिलंय गं. नळी." तिकडून काकू म्हणायच्या, तुमचं झालं की मी आलेच.

आम्ही सगळे काकूंच्या बाजूने. बाई बिचारी वाट बघतेय आणि या आळशी माणसाला दोन क्लॅम्प आवळता येत नाहीत. मी तसं त्यांना तोंडावर म्हणालोही होतो. ते हसले होते.

मग एका जानेवारीत माझ्या बायकोला, सुषमाला, सातव्या महिन्यातच कळा आल्या. भाईंदरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मुलगी झाली. माझ्या तळहातावर मावेल एवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथे काचेची पेटी नाही, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्या, पण वाटेत हिला गार लागता कामा नये. अँब्युलन्स होती, ती उघडी जीपच म्हणायची. मी धावत बिल्डिंगमध्ये आलो आणि अण्णांना म्हणालो, बाटली लावा.

"बाटलीवर पोर न्यायची नाही," अण्णा म्हणाले. "हलली, सांडली, संपली तर?"

त्यांनी खिळ्यावरची नळी काढली, वर्तमानपत्र फेकलं आणि गाडीखाली शिरले. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात दोन्ही टोकं जोडून बाहेर आले. पंप टिकटिकला, धूर आला आणि तो बाहेरच गेला. आत ऊब आली.

सुषमाला नर्सिंग होममध्येच ठेवून आम्ही निघालो. आई मागच्या बाकड्यावर कापसात गुंडाळलेलं बाळ पदराखाली धरून बसली, घामाने न्हाऊन निघाली होती आणि एकदाही खिडकी उघड म्हणाली नाही. चेकनाक्याला ट्रकच्या रांगेत अडकलो तेव्हा माझा धीर सुटला. अण्णा बनियनवर, लालबुंद, समोर बघत हळू म्हणाले, "आई, रंग कसा आहे?"

"गुलाबी आहे हो," आई म्हणाली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी बाळाला हात लावला आणि विचारलं, कशातून आणलंत? चांगली उबेत आहे. मी अण्णांकडे बघितलं.

मुलगी घरी आल्यावर मी एकदा अण्णांना विचारलं, एवढंसं काम इतकी वर्षं का ठेवलंत? ते गाडीची काच पुसत होते.

"गाडी तयार झाली असं म्हटलं तर तिला यावं लागेल, नाहीतर नाही म्हणावं लागेल," ते म्हणाले. "चिमीला टाकून ती येणार नाही. आणि मला नाही म्हणणं तिला जमत नाही, झुरत बसेल. त्यापेक्षा मी आळशी बरा. जोडलाय म्हणून तिला सांगू नकोस."

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा अण्णा बाजारात गेले होते. मीच उचलला. काकूंनी विचारलं, जोडला का ह्यांनी हीटर?

"कुठचं काय, काकू. क्लॅम्प नीट मिळत नाहीयेत."

"बरं बरं," त्या म्हणाल्या. सुटका झाल्यासारखा आवाज होता. "त्यांना म्हणावं, घाई करू नका. चांगले मिळतील तेव्हाच बसवा."

मी खूश होऊन फोन ठेवला आणि आईला सांगितलं. आईने कपाळाला हात लावला. "अरे, मी त्यांना मागेच सगळं सांगितलंय. नळी कशी जोडली, गाडीत किती ऊब होती. रडल्या रे त्या फोनवर. आणि मग अण्णा आले, तर त्यांच्याशी नेहमीसारख्याच बोलल्या."

थोड्या वेळाने अण्णा पिशवी घेऊन वर आले. काय म्हणाली, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, घाई करू नका म्हणाल्या.

अण्णांचा चेहरा खुलला. "बघ," ते म्हणाले, "तिला काही कळलेलं नाही."

मी हो म्हटलं आणि मुलगी त्यांच्या मांडीवर दिली.