मधली खुर्ची

"मीठ संपलंय म्हणावं," तीर्थरूप खुर्चीला म्हणाले.

"संध्याकाळी आणतो म्हणावं," चिरंजीवांनीही खुर्चीलाच सांगितलं.

खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाला बाप एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला आणि मधल्या खुर्चीत आई, अशी ती वर्षानुवर्षांची बसायची पद्धत. थंडी सरता सरता आई गेली. खुर्ची राहिली, आणि हे दोघे पठ्ठे अजून तिच्यामार्फतच बोलत होते. दुसऱ्या कुठल्या मार्गानं बोलायची सवयच कुणाला उरली नव्हती.

अबोला सुरू झाला तो स्कूटरवरून. चिरंजीवांनी ती न विचारता विकली, म्हणून तीर्थरूप बोलेनात. तीर्थरूप बोलेनात, म्हणून चिरंजीव बोलेनात. आई मध्ये बसून दोन्हीकडचे निरोप पोचवायची आणि घर आपलं चालायचं. ती गेली त्या दिवशी दोघांनी एकमेकांच्या गळ्यात पडून रडावं की नाही? तर एक गॅलरीत उभा आणि दुसरा बाथरूममध्ये नळ सोडून.

बरं, चिरंजीव होते एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात, आणि बढती हवी म्हणून ऐन चाळिशीत पुन्हा कॉलेजात जात होते. विषय कोणता? तर संवाद व्यवस्थापन. त्यात चक्क मास्टर्स! संस्थेतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, कुठे अडतात, अडलेलं सुरळीत कसं करावं, याचा अभ्यास. हसू नका. बिचाऱ्यांना पहिल्या सत्रात चांगले मार्क होते.

अशात एके दिवशी आत्याचा फोन आला. "दादा माझ्याकडे यायला तयार झालाय रे. आता इथेच राहणार. रविवारी निघतोय. तुला बोललाच असेल म्हणा."

"हो, हो, बोलले ना," चिरंजीव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. तीर्थरूपांनी जाऊ नये असं त्यांना अगदी आतून वाटत होतं. आई नाही, आता बाबाही जाणार, मग या घरात राहून करायचं काय? पण 'बाबा, जाऊ नका' असं तोंडावर म्हणायचं कसं? त्यांनी खुर्चीला सांगून पाहिलं, "एवढ्या लांब कशाला जायचं म्हणावं." नेमके तीर्थरूप तेव्हा आंघोळीला गेले होते.

त्याच आठवड्यात कॉलेजात काम द्यायचं होतं. एका संस्थेतल्या संवादाचा नकाशा काढा, कोण कुणाशी बोलतं ते बाणांनी दाखवा. ऑफिसच्या साहेबांनी परवानगी साफ नाकारली. "आपल्या खात्यात कोण कुणाशी बोलत नाही, हे गावभर कशाला?" मुदत तर डोक्यावर आलेली. शेवटी चिरंजीवांनी आपल्या घराचाच नकाशा काढला. तीर्थरूपांना केलं अध्यक्ष, स्वतःला कनिष्ठ कर्मचारी आणि आईला मध्यवर्ती अधिकारी. सगळे बाण तिच्याकडे जाणारे, नाहीतर तिच्याकडून निघणारे. खाली लिहिलं, 'अध्यक्ष रोज संध्याकाळी मध्यवर्ती अधिकाऱ्यांमार्फत कर्मचारी जेवला का याची चौकशी करतात. त्यामुळे कर्मचारी संस्था सोडून जात नाही.' हे लिहिताना त्यांचे डोळे भरून आले आणि एक बाण वाकडा गेला. अध्यक्षांचा फोन नंबर देणं सक्तीचं होतं. त्यांनी घरचा देऊन टाकला. कोण करतंय फोन!

शिकवणाऱ्या मॅडम भलत्याच खूश झाल्या. "इतकी छोटी संस्था आणि इतका जिव्हाळा! शनिवारी तुमच्या अध्यक्षांना वर्गात घेऊन या. आणि या मध्यवर्ती अधिकारी?"

"त्या रजेवर आहेत."

"कधी येणार?"

चिरंजीव खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमनी मग फार ताणलं नाही.

आता तीर्थरूपांना सांगायचं कुणी? तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. आईची आणि त्यांची घट्ट मैत्री. चिरंजीवांनी त्यांना गाठून एवढंच सांगितलं, 'शनिवारी माझ्या वर्गात चला म्हणावं.' काकूंचा एक मोठा गुण म्हणजे निरोप जसाच्या तसा पोचवायचा, एक टाका इकडचा तिकडे करायचा नाही.

काकू वर गेल्या आणि लगेच खाली आल्या.

"म्हणाले, असली नाटकं मला जमायची नाहीत. आणि म्हणाले, गाढव आहे."

"गाढव?"

"अक्कलशून्य गाढव. पहिला शब्द माझ्याकडून राहिला बघ."

चिरंजीवांना धक्काच बसला. आईनं इतक्या वर्षांत असा निरोप कधी आणला नव्हता. ती आणायची ते 'सांभाळून जा म्हणालेत', 'तुला निळा शर्ट शोभतो म्हणालेत', असे. आई गेली आणि बाबा पार बदलले! त्यांचा पारा चढला. "सांगा त्यांना, माझं कधी काही पटलंय का? जायचं तर खुशाल जा म्हणावं!"

तोंडातून गेल्या गेल्या त्यांना पश्चात्ताप झाला, पण काकू तोवर निम्मा जिना चढल्या होत्या. निरोप हातवाऱ्यांसकट पोचला.

"असं म्हणाला?" तीर्थरूप खचलेच. "अहो, ही होती तेव्हा रोज माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा. ही गेली आणि पोरगं पार बदललं." त्यांनी तडक बहिणीला फोन लावला. रविवार कशाला, उद्याच येतो. काकूंनी हेही खाली येऊन जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी ऑफिसला दांडी मारली. अडवायचंच असं ठरवून ते सकाळपासून आपल्या खोलीच्या दाराआड उभे होते. बाहेर तीर्थरूपांनी बॅग दाराशी आणून ठेवली. टॅक्सी सांगून झाली. चिरंजीवांनी दोनदा घसा खाकरला, पण पाऊल काही पुढे पडेना. आणि फोन वाजला. तीर्थरूपांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

"अध्यक्षसाहेब बोलताय ना? मी कॉलेजातून बोलतेय."

"कोण अध्यक्ष?"

"तुमच्या तीन माणसांच्या संस्थेचे हो. तुमच्या कर्मचाऱ्यानं फार छान लिहिलंय. मला एकच विचारायचंय. मधल्या बाई सध्या रजेवर आहेत ना? त्या नसताना काम कसं चालतं?"

राँग नंबर म्हणायला तीर्थरूपांनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांची नजर खुर्चीवर गेली.

"चालत नाही," ते म्हणाले.

"त्यांच्या जागी दुसरं कुणी?"

"एक बाई नेमून पाहिल्या. नाही जमलं."

"अरेरे. पण कर्मचारी जेवला का हे तुम्ही रोज विचारता, ते मला फार आवडलं. म्हणूनच तो संस्था सोडत नाही, असं त्यानं लिहिलंय."

"मी विचारतो?"

"रोज संध्याकाळी. मधल्या बाईंमार्फत."

तीर्थरूप लेकाच्या खोलीच्या दाराकडे वळले. "बाई, मी तुमच्याशी नंतर बोलतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि हाक मारली, "बाहेर ये. तिथे उभा आहेस ते माहितीय मला."

चिरंजीव बाहेर आले.

"जेवला का, असं मी विचारायचो?"

"आई सांगायची तसं."

"मी विचारायचो, आला का तो उंडगा?" तीर्थरूपांनी खुर्चीची पाठ धरली. "आणि तू? माझा गुडघा कसा आहे, हे विचारायचास ना?"

हो म्हणावं, असं चिरंजीवांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खुर्चीसमोर खोटं बोलवेना.

"नाही बाबा. मी विचारायचो, झोपले का? मग टीव्ही लावतो."

दोघं खुर्चीकडे बघत राहिले.

"लबाड," तीर्थरूप म्हणाले. "इतकी वर्षं दोघांना फसवलं, आणि पत्ता लागू दिला नाही." त्यांनी खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले. चिरंजीवही रडले. आई गेल्यानंतर नळ न सोडता रडायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांचा एक हात बापाच्या पाठीकडे गेला, आधी बिचकला, मग टेकला.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

"गुडघा कसा आहे?" चिरंजीवांनी विचारलं.

तीर्थरूप सवयीनं खुर्चीशी बोलायला गेले. मग थांबले आणि लेकाकडे वळले.

"दुखतो रे. जिना उतरताना तर जीव जातो."

"मग उतरू नका ना."

जिन्यातून काकूंची हाक आली, "टॅक्सीवाला विचारतोय, अजून किती वेळ?"

"जा म्हणावं त्याला!" तीर्थरूप तिथूनच ओरडले. डोळे पुसून त्यांनी लेकाला विचारलं, "जेवलास का?"

"नाही," चिरंजीव म्हणाले. "मीठ आणायचं राहिलं."