गावभर झालेला आरसा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका माहेरी गेल्या की कोरीटमधले नवरे चार-सहा दिवस मोकळे सुटतात. पहिल्या दिवशी ते खुशीत असतात, दुसऱ्या दिवशी भाकरी करपते आणि तिसऱ्या दिवशी घरात काहीतरी फुटतं. गिरधर पाटलानं जरा घाई केली. त्यानं दुसऱ्याच दिवशी फोडलं, आणि फोडलं तेही नेमका बायकोचा, जसोदाबाईंचा आरसा.

खरं म्हणजे दोष चिमणीचा. ओसरीच्या भिंतीवरचा तो मोठा आरसा जसोदाबाई कायम पडद्याआड ठेवत. उघडा दिसला की चिमण्या येऊन आपल्याच रूपाशी भांडत बसायच्या. निघताना त्यांनी तीनदा बजावलं होतं, "पडदा काढात ते परत टाकज्यात, बरं!" गिरधरनं फेटा बांधायला पडदा काढला आणि टाकायचा विसरला. चिमणी आली, काचेवर टकटक चोच मारू लागली. बायकोच्या आरशाला चरा पडेल या काळजीनं, अगदी प्रेमानं, गिरधरनं तिला वहाण फेकून मारली. चिमणी उडून गेली. आरशाला उडता येत नव्हतं.

दुसरा कुठला आरसा असता तर गिरधर इतका घाबरला नसता. पण हा जसोदाबाईंच्या वडिलांनी लग्नात दिलेला. सुरतेहून नंदुरबारपर्यंत म्हाताऱ्यानं तो गाडीत मांडीवर धरून आणला होता, पाय बधिर झाले तरी खाली टेकवला नव्हता. काठानं कोरलेली वेलबुट्टी होती. म्हातारा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी कुंकू लावून झालं तरी जसोदाबाई आरशासमोर घडीभर जास्तच उभ्या राहत. गिरधरनं कधी विचारलं नाही, पण त्याला ते कळत होतं. त्या ओरडल्या असत्या तर त्यानं सोसलं असतं. त्या गप्प बसतील, याचीच त्याला धास्ती होती.

त्यानं डोकं चालवलं. पारा द्यायला आरसा नंदुरबारला धाडला, असं सांगायचं. तोवर पुढचं पुढं. पण तुकडे आधी घराबाहेर जायला हवेत. फुटका आरसा घरात ठेवू नये, आणि जसोदाबाईंचा झाडू तर कोठीच्या खालीसुद्धा पोचायचा.

तुकडे पोत्यात घालून तो तापीवर गेला. नावेवरच्या भोयानं पोतं खुळखुळताना ऐकलं आणि हात आडवा केला. "पाटील, सारं गाव अनवाणी उतरस आठे. कोना पाय कापशात?" गिरधर तसाच शेताकडे वळला आणि बांधाशी खड्डा खणायला लागला. तिथं त्याचा सालदार वाहरू येऊन उभा राहिला. वाहरू सातपुड्यातला, बोलायला कमी आणि बैलांवर जीव टाकणारा.

"काय पुरी ऱ्हायनात, बापू?"

"काच."

"पानी पडना ते काच वर येस. मंग बैलना खुरमा जाई." वाहरूनं कुदळ काढून घेतली आणि खड्डा बुजवून टाकला. मालक-नोकर हा फरक बैलाच्या खुरापाशी संपतो, हे गिरधरला ठाऊक होतं.

भंगारवाला आला. त्यानं लोखंड पाहिलं, पितळ पाहिलं, रिकाम्या बाटल्यासुद्धा घेतल्या. पोत्यात डोकावून मात्र म्हणाला, "आरसा कोन लेस, भाऊ?" गिरधर पोतं घेऊन परत ओसरीवर बसला. ज्या वस्तूला फुटायला एक वहाण पुरते, तिला घालवायला तापीकाठचं अख्खं गाव अपुरं पडत होतं.

हे सगळं कुंपणापलीकडून पार्वतीकाकी पाहत होत्या. गावातली तोरणं आणि बैलांच्या झुली त्याच शिवत.

"अरे, फेकस काबर? आभले व्हतीन त्यासना. माले दे."

आभले म्हणजे कापडावर टाक्यांनी बसवायचे आरशाचे बारके तुकडे. काकींनी घमेल्यात पाणी घेतलं, काच पाण्यात बुडवली आणि साध्या कात्रीनं कापड कापावं तशी गोल गोल कापत गेल्या. गिरधर बघतच राहिला. त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं काकींच्या पाया पडून घेतलं.

"काकी, फक्त कोनले सांगू नका."

"मी कोनले सांगसू?" काकी म्हणाल्या. आणि आरसा कुणाचा, हे त्यांनी खरोखरच कुणाला सांगितलं नाही. काच उरली आहे, एवढंच सांगितलं.

सुकलाल न्हाव्याची काच पारा उडून आंधळी झाली होती. तो वेलबुट्टीचा एक तुकडा घेऊन गेला. कुणी आंब्यावर पोपट येऊ नयेत म्हणून फांदीला टांगायला नेला. मारुतीच्या दाराला नवं तोरण चढलं. वाहरूनं एक तुकडा पुढल्या होळीला नाचताना टोपात लावायला ठेवला आणि तळहाताएवढा दुसरा बैलाच्या म्होरकीत, बरोबर कपाळावर बसवला. वेलबुट्टी पाहून आरसा कुणाचा ते साऱ्यांना कळलं होतं, आणि प्रत्येकानं गिरधरपाशी येऊन हळूच शपथ घेतली, "वहिनीले नही सांगाव."

रविवारी संध्याकाळी ऊन तिरपं झालं आणि गिरधर गल्लीत आला. दारादारांवर, झाडावर, देवळावर त्याचा गुन्हा लखलखत होता. एक आरसा लपवता लपवता त्यानं तो गावभर टांगला होता. त्या रात्री त्याला भाकरी करपवायचंही सुचलं नाही.

सोमवारी सकाळी भावाच्या गाडीतून जसोदाबाई आल्या. वेशीपाशीच उतरल्या आणि गल्लीतून सावकाश चालत आल्या. सुकलालच्या दुकानापुढं थोड्या थांबल्या. सुकलाल वस्तऱ्याला इतकं मन लावून धार लावू लागला, की समोर बसलेलं गिऱ्हाईक घाबरलं.

"आरसा कोठे शे?" त्यांनी ओसरीवर पाय ठेवताच विचारलं.

"पारा देवाले धाडा. नंदुरबारले."

तेवढ्यात वाहरूनं बैल अंगणात आणला. बैलाच्या कपाळावरून उजेडाची तिरीप उठली आणि थेट जसोदाबाईंच्या तोंडावर पडली. गिरधरनं मान खाली घातली.

"मी फोडा. चिमणीले मारी ऱ्हायंतू."

जसोदाबाई ओट्यावर बसल्या आणि गप्प झाल्या. गिरधरला ज्याची धास्ती होती, ते हेच. तो घाईघाईनं सांगत सुटला. नदी, खड्डा, भंगारवाला, काकी. "कोना पायमा जावाले नको, म्हनीसन दिधा बठ्ठासले. मी नवा आनसू. सुरतले जाईसन आनसू."

"पार्वतीकाकीले दिधा," जसोदाबाई सावकाश म्हणाल्या. "सुकलालले दिधा. मारुतीले दिधा. बैलले दिधा."

"हा."

"आन मन्हासाठे?"

चार दिवस गिरधर फक्त त्यांच्याच काळजीनं पळत होता, आणि त्यांच्यासाठी एक तुकडा बाजूला ठेवायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं पटकन वाहरूला हाक मारली, "म्होरकी सोड! पहिले तो काढ!"

वाहरूनं हात पुढं केला. बैलानं मान हलवली, उजेड भिंतीवर नाचला, आणि जसोदाबाईंना हसू फुटलं. "ऱ्हावू द्या," त्या पदरानं डोळे पुशीत म्हणाल्या. "त्याले शोभस. मन्हा बापले बैल लई आवडेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन, कुंकवाची कुयरी घेऊन जसोदाबाई गोठ्यात आल्या. गिरधर आधीच तिथं उभा होता, दोन्ही हातांनी बैलाची शिंगं धरून. माश्या त्रास देत होत्या, बैलाला राहवत नव्हतं, आणि कपाळावरचा आरसा डुलत होता. दोनदा कुंकू भुवईला लागलं.

"हालू नको रे," जसोदाबाई बैलाला म्हणाल्या. मग आरशातून नजर न काढता म्हणाल्या, "तुम्ही बी."

कुंकू लागलं. जसोदाबाई घडीभर तशाच उभ्या राहिल्या. गिरधरच्या हातांना रग लागली, एक माशी त्याच्या नाकावर येऊन बसली, आणि त्यानं शिंगं सोडली नाहीत.